रांगेतले त्रेचाळीस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सिद्धोधन वसमत रोडवरच्या लॅबमध्ये आला, दारातल्या कोमेजलेल्या झेंडूच्या तोरणाखालून वाकून आत शिरला, खुर्ची ओढून लॅपटॉप उघडला, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे गेलं दीड वर्ष रोज सकाळी शून्य असायचं, तिथे त्याला त्रेचाळीस हा आकडा दिसला. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. जिना उतरताना एक पायरी जास्त धरावी आणि पाय हवेत पडावा, तेवढंच झालं. पण पाय टेकेपर्यंत माणसाचं काळीज जिथे जातं तिथे त्याचं गेलं आणि परत यायला तयार होईना. शून्य म्हणजे रांग रिकामी. रांग रिकामी म्हणजे यंत्रांनी तपासलेल्या प्रत्येक रक्ताचा रिपोर्ट तयार झाला आणि ज्याचं रक्त त्याच्या मोबाईलवर मेसेज पोचला. ही व्यवस्था सिद्धोधनने एकट्याने उभी केली होती. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात सर्व्हरचा काळा डबा, आणि त्या डब्याच्या पोटात कंटेनर. कंटेनर म्हणजे काय, हे लॅबचे मालक अप्पाराव यांना समजावताना तो म्हणाला होता, "साहेब, एका चाळीत भाड्यानं दिलेल्या खोल्या समजा. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. एका खोलीत रिपोर्ट लिहिणारा बसलाय, दुसरीत मेसेज पाठवणारा. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यात जायला नको." अप्पाराव दिलखुलास हसले होते. "म्हंजे भाडेकरू भांडले तरी मालकाला ताप न्हाई!" त्या दिवशी सिद्धोधनही हसला होता, कारण तेव्हा सगळं चालत होतं, आणि चालत्या गाडीत कुणालाही हसू येतं.

"सर, सकाळपासून दोन पेशंटचे फोन आले, रिपोर्ट मिळाले नाहीत म्हणून," निवेदिता मागून म्हणाली. निवेदिता म्हणजे रक्त तपासणाऱ्या यंत्रांवर बसणारी लॅबची तंत्रज्ञ. बोलायला लागली की थांबत नसे. आज ती एवढं बोलून थांबली, आणि तिने एक कागद त्याच्यापुढे सरकवला. तानुबाई, वय बावन्न, राणीसावरगाव. रक्त गंगाखेडच्या सेंटरमधून आलेलं. किडनीचे आकडे वाईट, पण ते जुनेच. खाली पोटॅशियम सात पूर्णांक दोन, आणि त्याभोवती निवेदिताने पेनाने काढलेला गोल. पोटॅशियम एवढं चढलं की हृदय कुठल्याही क्षणी थांबतं आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं तर तेच माणूस संध्याकाळी उठून चहा मागतं, हे त्या लॅबमध्ये झाडूवाल्या मावशींनाही पाठ होतं. "मी आत्ता गंगाखेडला फोन केला होता. म्हटलं, या बाईला आधी दवाखान्यात न्यायला सांगा. तर सेंटरवाला म्हणाला, मॅडम, ती बाई काल पहाटेच गेली." मग तिला बोलल्याशिवाय राहवेना. "नवमीला साडेचारला मी लावलं होतं हो सँपल. पिवळी टिक आली, म्हणजे रांगेत लागलं. म्हटलं, मिनिटभरात मेसेज जाऊन निळी होईल, रोजच होते. आणि त्या रस्त्यानं आदळत आलेलं रक्त कधी कधी फुटतं, मग पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, तसंही वाटून गेलं. सणाची गडबड. पाचला निघाले मी, आणि काल तर लॅब बंदच. पूर्वीचं असतं तर..." पूर्वी टेबलावर एक लाल वही असायची. असा आकडा आला की तंत्रज्ञाने स्वतः पेशंटला आणि डॉक्टरला फोन लावायचा, कोणी उचलला त्याचं नाव आणि वेळ वहीत लिहायची. ती वही सिद्धोधननेच बंद करायला लावली होती. माणूस विसरतो मॅडम, मशीन विसरत नाही, असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि निवेदिताने ते वाक्य आज तोंडावर फेकलं नाही हा तिचा मोठेपणा. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याने काम सुरू केलं. हात चालू असले की डोकं जरा लांब जाऊन बसतं. मेसेज जात नाहीत म्हणजे नेट गेलं, असं त्याने धरलं आणि राउटर पाहिला, केबल पाहिल्या, सर्व्हरवरून बाहेरच्या जगाला हाका मारून पाहिल्या. प्रत्येक हाकेला ओ आली. अर्धा तास तो साप साप म्हणून भुई धोपटत राहिला. नेटला काही झालेलं नव्हतं. मग त्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं: रिपोर्ट लिहिणाऱ्या कंटेनरचा लॉग उघडला. कंटेनर जे जे करतो आणि जिथे जिथे अडतो ते तो या लॉगमध्ये ओळीने लिहून ठेवतो, कोणी वाचो न वाचो. नवमीच्या दुपारपासून दर तीस सेकंदांनी तिथे एकच ओळ होती. परमिशन डिनाइड. रिपोर्टच्या फोल्डरमध्ये लिहायला परवानगी नाही. पाच हजारांच्या वर ओळी, एकासारखी दुसरी, फक्त वेळ पुढे सरकलेली. तो वर जात राहिला, नवमीच्या रात्रीपर्यंत, मग पुन्हा खाली, काल पहाटेपर्यंत. चार वाजून दहा मिनिटं. परवानगी नाही. चार वाजून दहा मिनिटं तीस सेकंद. परवानगी नाही. त्या वेळी तो चुडाव्याला, आपल्या घरी, पत्र्याखाली गाढ झोपला होता. पहाटे आई उठली, सरजाबाई, तिने चुलीवर पाणी ठेवलं आणि धुतलेली पांढरी साडी झटकली, त्या झटक्याने त्याला अर्धवट जाग आली होती आणि किती निवांत वाटलं होतं. मग आठ वाजता विहारात, पांढऱ्या कपड्यांतल्या सगळ्या ओळखीच्या माणसांत, हात जोडून, त्रिसरण म्हणताना त्याने फोन मुका करून खिशात ठेवला होता. फोन मुका नसता तरी वाजला नसता. काही बिघडलं तर त्याला कळवणारा मेसेजसुद्धा त्याने त्याच रांगेत लावला होता, जी रांग पुढे सरकत नव्हती. हे त्याला आत्ता, या खुर्चीत कळलं. चोर आला तर आरडाओरडा करायला ज्याला बसवावं त्याचंच तोंड दुसऱ्या खोलीत बंद, अशी ही अक्कल, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही.

त्याने फोल्डर उघडून पाहिलं. मालक: रूट. म्हणजे या डब्याचा सगळ्यात मोठा धनी. कंटेनरच्या आत बसून लिहिणारा मात्र साधा वापरकर्ता, त्याला नावही नाही, फक्त नंबर, एक हजार. हे त्याने मुद्दाम तसं ठेवलेलं होतं. आत काम करणाऱ्याच्या हातात गरजेपेक्षा जास्त मुखत्यारी द्यायची नसते, हे पुण्याच्या नोकरीत तो शिकला होता. पण हे फोल्डर पूर्वी एक हजार नंबरच्याच नावावर असायचं. रूटच्या नावावर झालं कधी? आणि मग त्याला दिसलं की फोल्डर रिकामं आहे. दीड वर्षाचे रिपोर्ट, लाखाच्या वर, एकही नाही. तो उठून कपाटाकडे गेला. डब्याला कुंकवाची पाच बोटं, अंगावर अक्षता, झेंडूची माळ. शेजारी बाहेरची डिस्क, जिच्यावर रिपोर्ट साठायचे, तिलाही हळदकुंकू. वायर लावलेली, निळा दिवा चालू. तो बघत उभा राहिला आणि त्याला सगळं कळलं. नवमीला पूजेसाठी सगळ्या वायरी काढल्या असणार, ओल्या फडक्याने पुसलं असणार, पूजा झाल्यावर आधी डबा चालू केला असणार आणि डिस्कची वायर राहिली होती ती मागून जोडली असणार. डबा जागा झाला तेव्हा डिस्क जागेवर नव्हती. कंटेनरला रिपोर्टचं फोल्डर तर हवं, म्हणून सर्व्हरने त्या नावाचं एक नवं, रिकामं फोल्डर करून दिलं, आणि ते केलं रूटने म्हणून रूटच्या नावावर. पाहुणा आला नाही म्हणून त्याच्या नावाने रिकामा पाट मांडावा तसं. मागून वायर जोडली तरी सर्व्हरने डिस्ककडे वळून पाहिलं नाही, कारण कुणी तसं सांगायला नव्हतं. सांगणारा दोनच्या गाडीने चुडाव्याला निघून गेला होता.

बंद मात्र त्यानेच केलं होतं, आपल्या हाताने. खंडेनवमीच्या सकाळी अप्पाराव फुलांची टोपली घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. त्यांचे वडील टेलर होते. नवमीला शिलाई मशीन धुऊनपुसून, सुई काढून, दिवसभर विसाव्याला ठेवायचे, अप्पाराव हे दरवर्षी सांगत. "वर्षभर राबतंय बिचारं. घंटाभर तरी इसावा नको का? चालू मशिनीची पूजा करत नसतेत. सिद्धोधन, ते तुझं कपाटातलं तेवढं बंद करून दे बाबा, मग जा तू गावाकडं." तेव्हा सिद्धोधनच्या तोंडात वाक्य तयार होतं. साहेब, हे बंद करू नका. पुन्हा चालू करताना मी इथं पाहिजे. याच्या आतला क्रम बदलला तर एकमेकांचे पत्ते चुकतात. साधं, कामाचं वाक्य. त्याने ते मनात तीनदा म्हणून पाहिलं, आणि तीनही वेळा ते दुसऱ्याच कानांनी ऐकलं. कारण आदल्या वर्षी, त्याची लॅबमधली पहिली नवमी, अप्पारावांनी कुंकवाचा करंडा त्याच्यापुढे धरला होता, "तुझं यंत्र, तूच बोटं ओढ," आणि तो शांतपणे म्हणाला होता, "साहेब, मी हे करत नाही." अप्पारावांनी "बरं बरं, काही हरकत न्हाई" म्हणून करंडा दुसऱ्याकडे दिला, त्या गडबडीत डबा बंद करायचा राहूनच गेला, प्रसादाचे पेढेही आवर्जून हातात ठेवले. पण त्यानंतर गणपतीची वर्गणी असो की सत्यनारायणाचं बोलावणं, त्याच्या टेबलाजवळ येऊन आवाज खाली यायचा. सिद्धोधन सरांना विचारू नका, त्यांचं वेगळं असतं. अपमान म्हणावा तर अपमान नाही, आपलेपणा म्हणावा तर तोही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि म्हणून या वर्षी, कंटेनरच्या पत्त्यांबद्दलचा त्याचा नकार हा कंटेनरच्या पत्त्यांबद्दलचा आहे असं या खोलीत कुणालाही वाटणार नाही, याची त्याला खात्री होती. आलं का ह्याचं पुन्हा, असं वाटेल. तो मान हलवून कपाटाकडे गेला, कमांड दिली, पंखा घरघरत थांबला, आणि त्या शांततेत निवेदिताने उदबत्ती लावली तेव्हा तो पिशवी उचलून निघाला.

चुडाव्याला काल दुपारी जेवताना वडिलांनी विचारलंही होतं, काम कसं चाललंय म्हणून. दत्तराव मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, टाचणवही कधी चुकली नाही की हजेरीत खाडाखोड नाही. त्यांनी पोराला लहानपणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, रागावून नाही, पाढे शिकवावेत तशी. "आपल्या कामात खोट निघू द्यायची न्हाई. दुसऱ्यानं चूक केली तर लोक चूक म्हंतेत. आपल्या चुकीला जात चिकटती." सिद्धोधनला शाळेत हे वाक्य भारी वाटायचं, कॉलेजात त्याचा संताप यायचा, आणि पुण्यात, जिथे कुणी आडनाव ऐकून अर्धा क्षण थांबे, तिथे ते खरं वाटायला लागलं. त्याने आपलं काम चकचकीत ठेवलं. काम हीच त्याची भिंत होती. ती भिंत कुणी पाडली असती तर त्याला रडता आलं असतं, भांडता आलं असतं. ती आतून पडली होती. आणि तरी, काल दुपारी, वडिलांच्या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं होतं? "एकदम चोख, दादा." जेवणात पुरणपोळी होती. राणीसावरगावात तेव्हा काय चाललं असेल? काल दुपारपर्यंत सगळं उरकलं असेल. सणाच्या दिवशी मयत, शेजारच्या घरांतही गोडधोड तसंच झाकून ठेवलं असेल, पोरांना आतल्या खोलीत बसवून खायला दिलं असेल. त्याने त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. वय बावन्न. सरजाबाईपेक्षा आठ वर्षांनी लहान.

त्याने डिस्क जागेवर आणली. एक ओळ, दुसरी ओळ. लाखावर रिपोर्ट परत दिसू लागले, सगळे एक हजार नंबरच्या नावावर, जसे होते तसे. कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला. परवानगीची ओळ थांबली आणि लॉगमध्ये एकामागून एक नावं उतरू लागली. पेडगावचा एक, मानवतचे दोन, परभणीतले बरेच, साखर, थायरॉइड, कावीळ, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, आणि विसाव्या-एकविसाव्या ओळीत तानुबाई. रिपोर्ट तयार. फाईल जागेवर. पण पिवळ्या टिका पिवळ्याच राहिल्या, आणि कोपऱ्यात त्रेचाळीस. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या खोलीपर्यंत निरोप अजून पोचत नव्हता. एक गाठ सुटली होती, दुसरी बाकी होती, आणि दुसरी कोणती हे त्याला नवमीच्या सकाळपासून माहीत होतं. त्याने ती उघडायला घेतली तेव्हा अप्पाराव आतल्या केबिनमधून आले आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. ते सहसा असे बसत नसत.

"झालं का?"

"अर्धं झालंय साहेब. दहा मिनिटं अजून."

"निवेदितानं सांगितलं मला सगळं." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "बाई आधीचीच आजारी होती रे. दोन वर्षं झाले, किडन्या गेलेल्या. तिचं आज ना उद्या व्हायचंच होतं." "आता तू चालू केलंस की तिच्या घरी मेसेज जाईल का?"

"जाईल. सगळेच जातील. आपोआप."

"घरात मयत झालीय, अजून राख गार झाली नसंल, आन आपला मेसेज जायचा, तात्काळ डॉक्टरांना भेटा म्हणून. बरं दिसतं का ते? जखमेवर मीठ. तेवढा एक काढून टाक. बाकीचे बेचाळीस जाऊ दे." मग ते जरा वाकले. "माझ्यासाठी न्हाई म्हणायलो मी. लॅब काय, माझं वय झालंय. पण उद्या कुणी इचारलं, हे कुणी बसवलतं, तर नाव तुझंच येणार हाय. तुझंच भलं बघायलो." ते खरं बोलत होते, त्यांचं सगळं बोलणं नेहमीच निम्मं तरी खरं असे. उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जे म्हणाले ते बहुधा काही मनात न ठेवता म्हणाले. "आन तू तवाच का न्हाई बोललास रे? बंद करू नका म्हनला असतास तर मी काय ऐकलं नसतं का? पूजा काय, बंद न करता पण झाली असती. फुलं वाहिली असती वरून."

ते गेले आणि सिद्धोधन पडद्याकडे बघत राहिला. ऐकलं असतं. या माणसाने ऐकलं असतं. त्याने हो म्हटलं असतं, थोडा हिरमुसला असता, आणि चालू डब्यावर चार फुलं वाहून पेढा वाटला असता. आणि कुणाला काय वाटलं असतं? दोन दिवस वाटलं असतं आणि विरलं असतं. दीड वर्ष तो ज्या वेगळेपणाच्या भिंतीला टेकून उभा होता ती समोरच्यांनी निम्मीच बांधली होती. उरलेली निम्मी त्याने, एकेक वीट, मुकाट्याने, स्वतः रचली होती, आणि तिच्यापलीकडे राणीसावरगावची एक बाई रात्रभर धापा टाकत पडली होती. पण लगेच दुसरा आवाज उठला: ऐकलं असतं हे आज कळतंय, बाई मेल्यानंतर, गेल्या वर्षीच्या खाली आलेल्या आवाजांनी हे आधी का कळवलं नाही? दोन्ही आवाज खरे होते आणि दोन्हींचा आता कवडीचा उपयोग नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याला खूप वर्षांनी हुंदका आल्यासारखं झालं आणि त्याने तो खोकल्यात घातला.

दुसरी गाठ एका ओळीत होती. रिपोर्ट लिहिणारा कंटेनर मेसेज पाठवणाऱ्याला हाक मारतो ती नावाने मारावी, हा शहाण्यांचा रिवाज. कारण खोल्यांचे आतले नंबर कायमचे नसतात, डबा बंद होऊन चालू झाला की जो आधी जागा होईल त्याला पहिला मोकळा नंबर मिळतो. दीड वर्षापूर्वी, सगळं सुरू करायच्या आदल्या दिवशी, नावाने हाक लागेना म्हणून त्याने वैतागून थेट नंबर लिहून टाकला होता, शेवटी चार. चाललं. नंतर बदलू. ही एकच खोट त्याने ठेवली होती, आणि ती त्याच्याशिवाय कुणालाही दिसणारी नव्हती. दीड वर्षात डबा एकदाही बंद पडला नाही, कारण त्याने पडू दिला नाही. लाईट गेली तरी बॅटरीवर चालावा अशी सोय केली. खोट झाकायला एवढी मेहनत, तीच मेहनत एक ओळ बदलायला लागली नसती. नवमीला क्रम बदलला. चार नंबरच्या दारावर आता कुणीच नव्हतं. मेसेज पाठवणारा तीन नंबरला जाऊन बसला होता आणि दोन दिवस वाट बघत होता की कुणी हाक कशी मारत नाही. त्याने नंबर खोडला, नाव लिहिलं. आता एकदा कंटेनर पुन्हा चालू केला की रांग सुटणार.

त्याआधी त्याने दुसरी खिडकी उघडली आणि तानुबाईच्या नावाची नोंद पुसायची कमांड लिहिली. तीही एकच ओळ. नाव, गाव, मोबाईल नंबर, वेळ, आणि सात पूर्णांक दोन. एंटर दाबलं की हिचं रक्त या लॅबमध्ये कधी आलंच नव्हतं. बोट एंटरवर ठेवून तो बसला. पंखा फिरत होता, बाहेर रस्त्यावरून कुणीतरी टेम्पोत डीजेचे रिकामे खोके परत नेत होतं. अप्पारावांच्या बोलण्यात दया होतीच. मेलेल्या माणसाच्या घरी असा मेसेज जाणं क्रूरच होतं. पण नोंद पुसली की हे कधीच विसरू न शकणारा एकच माणूस जगात उरणार होता, आणि त्या माणसाबरोबर पुढची चाळीस वर्षं एका खोलीत राहायचं, ही कल्पना त्याला सहन होईना. त्यांना कळलं पाहिजे. ते येतील, भांडतील, तक्रार करतील, नाव घेऊन शिव्या देतील. देऊ देत. त्याने बॅकस्पेस दाबून धरला आणि अक्षरं मागून पुढे पुसली जाताना बघितली. खिडकी बंद केली. त्याला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

कंटेनर चालू झाला. पहिली टिक निळी झाली, मग दुसरी, मग जत्रेत दिवे लागावेत तशा भराभर. मिनिटभरात आकडा उतरत उतरत शून्यावर आला. तानुबाईची टिक कधी निळी झाली ते त्याला कळलंसुद्धा नाही. निवेदिता त्याच्या मागे येऊन उभी होती. पाऊण वाजता टेबलावरचा लॅबचा फोन वाजला, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं, म्हणून त्याने उचलला.

"लॅबमधून का? मी जीवन बोलायलो, राणीसावरगावहून. तानुबाईचा पोरगा."

"बोला."

"मायचा मेसेज आलाय आत्ता. पोटॅशियम लय वाढलंय, तात्काळ डॉक्टरला दाखवा म्हनून." आवाज थकलेला होता, बसलेला, पण त्यात राग नव्हता, सिद्धोधन रागाची वाट बघत होता. "माय तर गेली साहेब काल."

"हो. कळलं आम्हाला. फार वाईट झालं."

"साहेब, एक इचारायचं होतं. ह्या रिपोर्टवर तारीख नवमीची हाय. चार वाजून बत्तीस मिनिटं." मागे बायकांचे आवाज होते, भांडं सरकल्याचा आवाज होता. "आमच्या शेतातल्या आखाड्यावर रेंज न्हाई, आत्ता गावातल्या घरी हाव. गावात आलं की मग मेसेज येतेत. नवमीला सांजच्याला मी गावात आलतो, सामान घ्यायला. तवा फोन बघितलता मी. मला वाटतंय बघितलता. मेसेज नव्हता. आता बहीण इचारायली, मनिषा, की आधी कळलं असतं तर गाडी करून नांदेडला नेलं असतं ना मायला. रातच्याला ती म्हनत होती, छातीत कसंतरी व्हायलंय म्हनून. मी म्हनलो, सण झाला की नेतो." तो थांबला. "ह्यो मेसेज नवमीलाच आलता का साहेब? माझ्याच फोनला दिसला न्हाई का?"

हाच तो प्रश्न होता. यासाठीच त्याने ती ओळ पुसली नव्हती. सांगायचं वाक्य लहान होतं: नाही, आम्ही तो आज पाठवला, चूक माझी आहे. त्याने ते मनात एकदा म्हटलं. निवेदिता त्याच्या तोंडाकडे बघत होती. केबिनच्या काचेआड अप्पाराव कुणाशी तरी बोलत होते. त्याने वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. फोनच्या पलीकडे माणूस श्वास घेत होता, घाई न करता, मोठ्या आदराने, शिकलेल्या माणसाच्या उत्तराची वाट बघत.

"रेंजचं असं होतं कधी कधी," सिद्धोधन म्हणाला. "मेसेज उशिरा दिसतो."

"म्हंजी आलता."

त्याच्या घशातून हुंकारासारखं काहीतरी निघालं. ते होय होतं की नाही हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण पलीकडच्या माणसाला ते पुरलं. फोन कानापासून लांब गेला. "मने," जीवन कुणाला तरी म्हणत होता, "नवमीलाच आलता म्हनं गं मेसेज. मीच बघितला न्हाई." मग एका बाईचा आवाज चढत गेला, आधी प्रश्नासारखा, मग नुसताच आवाज, आणि त्यावर जीवनचं पुन्हा पुन्हा तेच, मीच बघितला न्हाई, मीच. सिद्धोधनने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. ठेवून द्यायचं त्याच्या हातून होईना. थोड्या वेळाने फोन पुन्हा जवळ आला.

"तुमी तर येळेवर पाठवलता साहेब," जीवन म्हणाला. "ठेवू का?"

सिद्धोधन म्हणाला, "ठेवा."